सशाचे तीन झगे

शिवणकाम करणाऱ्या सुनंदाताईंनी कापडी सशाच्या कमरेला मापाची टेप गुंडाळली, तेव्हापासून मला स्वस्थ बसवेना. तिशीतल्या लेकीसाठी मी हा ससा शिवायला दिला होता. तिच्या लहानपणीच्या फोटोंत दिसतात तसे त्याला तीन झगेही.

"वाढत्या अंगाचे शिवा," मी सवयीनं बोलून गेलो.

ताई हसल्या. "भाऊ, कापूस भरलाय त्यात. आता कुठला वाढतोय तो?"

मला हसता आलं नाही. बायको गेल्यावर लेकीचे कपडे मीच आणायचो, दोन वर्षं पुढच्या मापाचे. काटकसर म्हणून, असं सगळ्यांना सांगत आलो. खरं तर दुकानात पुन्हा जायला नको, एवढंच होतं. शाळेत मुली तिला बुजगावणं म्हणायच्या, तेही मला ठाऊक होतं. झगा अंगाला नीट बसेपर्यंत विटून गेलेला असायचा. मूल मोठं होईल म्हणून आपण थांबून राहतो, आणि आज ते केवढं आहे हे बघायचंच राहतं.

"मग कसे शिवू?" ताईंनी विचारलं.

"त्याच्या अंगाला बसतील असे. आणि एक तरी आज द्याल का? ती चारला येतेय. तिचे झगे नेहमी मोठे का असायचे, ते मला तिला खरं सांगायचंय."