हरलेल्याचा पहिला चहा

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर गुप्त मतदानाने निवडावा, अशी सूचना मी मांडली आणि त्या मतदानात मीच निवडून आलो. मला फुटबॉल येत नव्हता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. राज्यशास्त्रात एम.ए. होऊन मी नुकताच एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो. लोकशाहीची तत्त्वे, राज्याची कर्तव्ये असा वर्गात न खपलेला माल मी संध्याकाळी शिवाजी पेठेत आणून ओतत असे. तालमीतली पोरे मला ‘प्राध्यापक’ म्हणत. ती हाक मला बरेच दिवस आदराची वाटत होती.

त्या सभेचे अध्यक्ष होते टेलरमामू. तालमीसमोरच त्यांचे शिवणकामाचे दुकान. सभा गणपतीची असो की भांडणाची, अध्यक्ष मामूच, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात तालमीत एकदाही मत दिले नव्हते. “मीच मत दिलं तर मोजाय कुनावर इस्वास ठेवशीला?” असे ते विचारत. कापड मोजायचा लाकडी गज हातात घेऊन ते बसायचे. गज एकदा वाजला की सभा सुरू, दोनदा वाजला की गप्प.

मामूंचा एक नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. मतमोजणी झाली की जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारायच्या आत ते म्हणत, “हरल्याला आदी बोलू दे.” मग चहा यायचा. त्यातला पहिला कपही हरलेल्याला. “जिकल्याला चा गार झाला तरी ग्वाड लागतोय,” हे त्यामागचे शास्त्र.

मी त्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून त्यांना शिकवायचा प्रयत्न करी. एकदा राज्यघटना म्हणजे काय हे अर्धा तास सांगितले. मामू म्हणाले, “म्हंजे खडूची रेघ. कापायच्या आदी मारायची. कापल्यावर मारून काय उपेग?” राज्याच्या कर्तव्यांवर मी दोन दिवस बोललो. ते ऐकून त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, “उसवल्यालं शिवायचं, एवढंच की रं.” दुसऱ्या दिवशी ही दोन्ही वाक्ये मी वर्गात माझी म्हणून सांगितली. पोरांनी पहिल्यांदाच वहीत काहीतरी उतरवून घेतले.

आता ती सभा. आमचा गोलकीपर दत्ता पेठेत एक नंबर होता, पण तोंडाने फाटका. सामना सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत तो आपल्याच बचावातल्या गड्यांचा आजीपर्यंत उद्धार करी. संघ तालमीचे वस्ताद निवडायचे, नुसते बोट दाखवून. मला ती राजेशाही वाटली. लोकांच्या संमतीवाचून सत्ता नाही, यावर मी चाळीस मिनिटे बोललो. एकच उमेदवार असला तर ती कसली निवडणूक, म्हणून दत्ताच्या समोर स्वतःचे नाव टाकले. चिठ्ठ्या मामूंच्या बटणांच्या डब्यात पडल्या. चिठ्ठी गुप्त आहे म्हटल्यावर बचावातल्या गड्यांनी आपापल्या आजीचा सूड घेतला. मी पाच मतांनी निवडून आलो.

“हरल्याला आदी बोलू दे,” मामू म्हणाले.

दत्ता उठला. “माझं काय न्हाय. रविवारी गिरणीचं सायेब मॅच बगाय येनार हायती. त्यांच्या टीमला गोलकीपर पायजे, म्हंजे नोकरीच. घरात सांगून बसलोय, एवढंच.” तो खाली बसला. पहिला कप त्याच्या हातात दिला, तो त्याने तसाच धरून ठेवला.

मागून कुणीतरी म्हणाले, “मग परत घिऊया की मतदान.” मी ताडकन उठलो. निकाल आवडला नाही म्हणून मतदान परत घेणे ही हुकूमशाहीची पहिली पायरी आहे, असे म्हणालो. खरे सांगायचे तर आयुष्यात पहिल्यांदाच कशात तरी निवडून आलो होतो. मामूंनी गज दोनदा वाजवला. “बराबर हाय. निकाल फिरवायचा न्हाय. प्राध्यापक, उद्या जर्सीचं माप द्याय ये.”

माप त्यांनी बारकाईने घेतले, छातीचे तर दोनदा.

रविवारी मैदानावर पिवळी जर्सी अंगात घातली. बाह्या बोटांच्या पुढे, घेर मांडीच्या खाली. “मामू, सैल आहे.”

“घाल. पदाला मानूस पुरा पडाय येळ लागतोय.”

पहिला गोल झाला तेव्हा मी बाही दुमडत होतो. दुसरा पायांच्या मधून गेला. तिसऱ्याला मी झेप घेतली, उलट्या बाजूला. चौथा कसा झाला ते मला कुणी आजवर सांगितलेले नाही. मला मते देणारे बचावातले गडी आता माझ्या आजीपर्यंत पोचले होते. दत्ता रेघेबाहेर मामूंच्या शेजारी गप्प बसून होता. गिरणीचे साहेब घड्याळ बघत होते.

हाफटाइमला मी मामूंकडे गेलो. “मामू, तुमचं माप चुकलं.”

“चुकलं की. आता ज्याला बसतीया त्याला दे.”

“पण निकाल?”

“निकाल आमाला फिरवाय येत न्हाय. राजीनामा तुला द्याय येतोय. पुस्तकात न्हाय व्हय ते?”

पुस्तकात होते. मागच्याच आठवड्यात शिकवले होते. मी जर्सी काढली. दत्ताने ती घातली आणि बाह्या बरोब्बर मनगटावर येऊन थांबल्या. माप माझे घेतले होते, कापड मात्र दत्ताच्या अंगाचे कापले होते.

उरलेल्या वेळात एकही गोल झाला नाही. दत्ताने आठवडाभराच्या शिव्याही भरून काढल्या. गिरणीच्या साहेबांना म्हणे त्याचे अडवणे आवडले आणि आवाज त्याहून आवडला. त्याला नोकरी लागली.

“ही मतदारांची फसवणूक नाही का?” मी संध्याकाळी मामूंना विचारले. ते दोरा दाताने तोडत म्हणाले, “जिकलास तू, जर्सी दिली तुलाच. उसवलं व्हतं, शिवलं.” मग चहा आला आणि पहिला कप त्यांनी माझ्या हातात दिला.

काही वर्षांनी मामू गेले. शोकसभेला तालीम भरून माणसे आली होती, बाहेर चपलांना जागा नव्हती. अध्यक्ष दत्ता, हातात मामूंचा गज. मी लोकशाही आणि मामू या विषयावर पाच पाने लिहून आणली होती. आधी कोण बोलणार यावरून पुढाऱ्यांची ओढाताण सुरू झाली. नगरसेवक उठले, माजी नगरसेवक त्यांच्या आधी उठले.

दत्ताने गज दोनदा वाजवला.

“बसा खाली. हरल्याला आदी बोलू द्या,” तो म्हणाला. “उठा, प्राध्यापक. अर्ध्या मॅचमंदी चार गोल खाल्ल्यालं तालमीत दुसरं कोन न्हाय.”