कारध्यावरून जाणारं विमान

जगाच्या पाठीवर कुठेही कोणी शिंकलं, की विमान कंपनीच्या मालकाआधी आमच्या साडभाऊंचा, म्हणजे माझ्या साडूंचा, जीव खालीवर होतो. वीज मंडळात लाइनमन म्हणून आयुष्यभर खांबांवर चढलेला हा माणूस विमानात कधी चढला नाही. पण निवृत्तीनंतर वैनगंगेकाठी कारध्याला घर बांधलं आणि गच्चीवर बाज टाकली, ती केवळ आकाशासाठी. संध्याकाळी नदीवर निळसर धुकं उतरलं, की ते उताणे पडून नागपूरहून कोलकात्याला निघालेल्या विमानाची वाट पाहत. ते बरोबर आमच्या डोक्यावरून जाई. आवाज विरला तरी साडभाऊ बराच वेळ वरच असत. खाली फक्त बाज राही.

पेपरात साथीची बातमी आली, की ते आधी आजाऱ्यांसाठी हात जोडत आणि मग विमानांच्या काळजीला लागत. माझ्या मुलाच्या साक्षगंधात हे वाढलेल्या ताटासमोर डोळे मिटून बसले. माझी बायको घाबरली. "काय झालं भाऊजी? कोणी गेलं का?"

"हाँगकाँगचं गेलं."

"कोण हाँगकाँगचं?"

"विमान. सर्दीच्या धाकानं कोणी बसूनच नाही राहिलं."

तोवर कोणीतरी वारल्याची बातमी व्याह्यांपर्यंत पोचली होती आणि पंगत थांबली होती. ती पुन्हा बसवताना माझा घसा बसला.

मी तुमसरच्या बाजारात पोती उचलता उचलता तांदळाचा व्यापारी झालो. देवाचा नारळही मी घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. साडभाऊंना काचबिंदू निघाला, नजर कडेकडेनं विझू लागली आणि गेलेली परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली. नजर आहे तोवर त्या कोलकात्याच्या विमानातून आपलं कारधं वरून पाहायचं. मी दोघांची तिकिटं ठरवायला निघालो, तेवढ्यात कोरोनाच्या बातम्या आल्या आणि भाडं घसरलं. मी म्हटलं, घेऊन टाकू.

"थांब गा," साडभाऊ म्हणाले. "सीटा रिकाम्या होऊन राहिल्या. तांदूळ पडून राहिला तं तूच भाव पाडते ना? अजून उतरते."

हिशेब माझ्याच धंद्यातला होता, म्हणून तर राग अजून जात नाही. भाव उतरला, आणखी उतरला, आणि एके दिवशी विमानंच बंद झाली. आकाश धुतल्यासारखं कोरं झालं. पुढे विमानं सुरू झाली, पण आमचं नाही. तांदूळ खपला नाही तर व्यापारी भाव पाडतो. सीट खपली नाही तर कंपनी दुकानच उचलून दुसऱ्या गावी नेते. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

"तुमच्या हिशेबानं खिडकी गेली आपली!" मी गच्चीवरच ओरडलो.

"तुले खिडकीची पडली! उभं विमान बी खाते गा, हत्तीवाणी. कंपनीनं कायले पोसावं?"

चहा न घेता मी जिना उतरलो. एवढा वकील त्या कंपनीला पगार देऊनही मिळाला नसता.

अखेर ते विमान परत आलं, तेव्हा साडभाऊंना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. "तू जा," ते म्हणाले. "पाहून ये अन् मले सांग."

मी गेलो. नागपूर सुटलं आणि थोड्याच वेळात खाली वैनगंगा आली, वाळत घातलेल्या धोतरासारखी लांब, मंद हलणारी. पूल दिसला, आणि पुलाच्या टोकाशी मूठभर कारधं. त्यातल्या कुठल्यातरी गच्चीवर एक माणूस आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसला असणार. मी काचेला कपाळ टेकवलं. ढग आला, तरी टेकवलेलंच ठेवलं.

परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. नदीचं वळण, वाळूचा रंग, पुलावरच्या मुंग्यांएवढ्या गाड्या. ते डोळे मिटून ऐकत होते. मग काळजीनं विचारलं, "सीटा भरल्या होत्या का?"

"एक सोडून साऱ्या."

"अरेरे! त्या एकीतच कंपनीचा नफा असते गा. कोणती होती?"

"माझ्या बाजूची," मी म्हणालो.

ते मग हातानं चाचपत बाजेवर थोडे सरकले आणि मला शेजारी जागा करून दिली.