कथलाचा एक डाग

मी देवाधर्मातला माणूस नव्हतो. वडिलांच्या आजारपणात आई जेवढे नवस बोलली तेवढे सगळे वाया गेले, आणि तेव्हापासून माझे हात कुठल्याही मूर्तीपुढे जुळत नसत. साकोलीला एका मालकाची जुनी मोटार मी भाड्याने चालवायचो, तिची दुरुस्तीही मीच करायचो. इंजिन बिघडते त्याला कारण असते, कारण सापडले की ते सुधारते, एवढेच मला कळत होते आणि तेवढे मला पुरत होते.

सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या भागात मोटारी मोजक्याच. हलके, म्हणजे लवकर पिकणारे धान कापणीला आले होते. लाखांदूरला एक भाडे सोडून मी जवळच्याच गावी ताईकडे मुक्कामाला थांबलो होतो. माझ्याहून बरीच मोठी असलेली ही बहीण, आईच्या मागे तिनेच मला वाढवले. सकाळी ती शेतातल्या बांधीत धान कापायला गेली आणि थोड्याच वेळात भाऊजी तिला पाठीवर घेऊन धावत आले. पेंढीखालचा साप तिला घोट्याजवळ डसला होता. कोणी म्हणाले मांत्रिकाला बोलवा. भाऊजींनी कोणाचे ऐकले नाही. "बाबू, गाडी काढ गा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊ," एवढेच ते म्हणाले.

मी गाडी काढली, पण त्या आठवड्यात ती नीट चालत नव्हती. उभी असली की धडधड हलायची, मागून काळा धूर सोडायची आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा उग्र वास यायचा. ठिणगी कमजोर असेल असे समजून मी पॉइंट घासले होते, प्लग बदलले होते. तेवढ्यापुरती ती सुधारली होती. पण साकोलीच्या वाटेवर, जंगलाच्या पट्ट्यात शिरता शिरता, तिने पुन्हा आचके द्यायला सुरुवात केली आणि चढावर बंद पडली.

मी बॉनेट उघडले. प्लग काढले तर काजळीने काळे आणि पेट्रोलने ओले. पुसून बसवले, गाडी सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद. हवा अडवणारा चोक पाहिला, तो उघडाच होता. हवेची जाळी काढून टाकली, फरक नाही. मागच्या सीटवर भाऊजींच्या मांडीवर डोके ठेवून ताई पडली होती.

"बाबू, मले दोन दोन दिसून राह्यले," ती म्हणाली. तिचा आवाज नाकातून येऊ लागला होता, पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. मधूनच ती "महादेवा, महादेवा" पुटपुटे, आणि तो शब्दही हळूहळू बोबडा होत होता.

आता कार्बोरेटरच उरला होता. झाकण काढले आणि दोष सापडला. आतल्या वाटीत पेट्रोलवर एक पितळी डबी तरंगत असते, फ्लोट म्हणतात तिला. वाटी भरली की ती वर येते आणि पेट्रोल बंद करते. मी ती कानाजवळ हलवली. आत पेट्रोल खुळखुळले. सांध्याला बारीक चीर जाऊन डबी भरली होती, बुडाली होती. त्यामुळे पेट्रोल थांबतच नव्हते, गरजेपेक्षा जास्त इंजिनात जात होते आणि अर्धवट जळून धुरातून बाहेर पडत होते. कारण मिळाले. पण दुसरा फ्लोट भंडाऱ्याच्या अलीकडे कुठे मिळणार? एसटी निघून गेली होती. रस्ता ओसाड.

ती डबी हातात धरून मी रस्त्याच्या कडेला बसलो. मला जेवढे येत होते तेवढे सगळे करून झाले होते. ताईचा देव कोणता, कसा, मला ठाऊक नव्हते. तरी मनात म्हणालो, महादेवा, माझे हात संपले, आता तू पाहा. एवढे म्हटल्यावर मला रडूही आले नाही. फक्त आतली धावपळ थांबली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. वळणावरून एक सायकल ढकलत एक वयस्क माणूस आला. सायकलला भाता, कोळशाचे पोते आणि एक पातेले बांधलेले. दिवाळीच्या तोंडावर गावोगाव फिरणारा कल्हईवाला.

"रामराम भाऊ. गाडी बंद पडली का जी?"

मी फ्लोट पुढे केला. "याले कथलाचा डाग देता येईल का?"

त्याने गाडीत डोकावून ताईकडे पाहिले आणि लगेच पोते सोडले. आम्ही गाडीपासून दूर, वारा ठिणग्या गाडीकडे नेणार नाही अशा जागी भट्टी लावली. गाडीतल्या डब्यातले पाणी त्याच्या पातेल्यात उकळले, ते आगीपासून बाजूला नेऊन मी त्यात फ्लोट बुडवला. सांध्यातून बुडबुड्यांची ओळ निघाली, चीर दिसली, आतले पेट्रोल वाफ होऊन बाहेर पडू लागले. बुडबुडे थांबेपर्यंत मी पाणी बदलत राहिलो. तरी आत थेंबभर पेट्रोल उरले असते तर तापलेली लोखंडी सळई लागताच डबी हातात फुटली असती.

"तुम्ही सरका, सळई मी लावतो," मी म्हणालो.

"हे माह्यं रोजचं काम हाय जी," तो म्हणाला. "तुम्ही चिमट्याने धरा. मी लावतो."

कथील धरावे म्हणून त्याने नवसागर चोळला, मग कथील टेकवले. चर्र असा आवाज झाला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा सांध्यावर पांढरा, गुळगुळीत डाग बसला होता.

फ्लोट बसवून प्लग पुसले. इंजिन एका लयीत चालू लागले, धूर विरळ झाला. त्याचे आभार मानायचेही मला सुचले नाही. भंडाऱ्याला पोहोचलो तेव्हा ताईला थुंकी गिळता येत नव्हती. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस दिली, हाताने रबरी फुगा दाबून तिचा श्वास चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने डोळे पूर्ण उघडले.

पुढे त्या कल्हईवाल्याचा मी शोध घेतला आणि तो सापडला. माझ्यासारखाच साधा, थकलेला माणूस. त्या रस्त्याने तो कधी जात नसे. त्या दिवशी नेहमीच्या वाटेवरचा नाला भरला म्हणून वळसा घेतला. "लय शिव्या घातल्या म्या त्या नाल्याले," तो हसत म्हणाला. याला योगायोग म्हणावे की आणखी काही, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. हातात असते तोवर काम मनापासून करावे, आणि संपले की ओंजळ उघडी ठेवावी, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

आता दर सोमवारी ताईबरोबर महादेवाच्या देवळात जातो. तिथे मागण्यासारखे मला काही सुचत नाही, नुसता उभा राहतो. मग मागून ती म्हणते, "बाबू, चाल ना गा, ऊन होऊन राह्यलं," आणि तिचा तो स्वच्छ, ठणठणीत आवाज ऐकत मी पायऱ्या उतरतो.