शुक्रवारी नक्की

लव्हॉन टॉलेफ्सनने आयुष्यात कुणाला शब्द दिला नव्हता, आणि त्यावरच तिचं काउंटर चाललं होतं. लग्नात पाद्रीसाहेबांनी विचारलं तेव्हासुद्धा ती "हो, बघू या" म्हणाली होती, असं तिचा नवरा रॉजर सांगतो. त्याचं निम्मंच खरं धरायचं. जानेवारी ते मार्च तो गोठलेल्या तळ्यावर खोपटात बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरत असतो, आणि तिथे त्याचं ऐकून घ्यायला फक्त मासेच असतात.

लव्हॉनचं काउंटर म्हणजे आमच्या हॅल्वर लेक गावातल्या हार्डवेअर दुकानात, रंगाचे डबे आणि मासेमारीचे गळ यांच्या मधली सहा फूट जागा. आधी एकवीस वर्षं ती तिथे बसून लोकांना कॅटलॉगमधून पडदे आणि शिवणयंत्रं मागवून द्यायची. कॅटलॉग बंद पडले, तेव्हा त्याच खुर्चीवर बसून मोबाइल मागवून द्यायला लागली. काउंटरवर मांडलेले फोन नुसते प्लॅस्टिकचे, आत काही नाही. खरा फोन मागवायचा आणि वाट बघायची. वाट बघायला लावण्यात लव्हॉनचा हात धरणारं माणूस अख्ख्या मिनेसोटात नव्हतं.

"कधी येईल गं?" असं कुणी विचारलं की ती आधी खिडकीबाहेर बघायची.

"काय सांगू? रस्त्यांवर हा एवढा बर्फ."

"म्हणजे महिना लागेल?"

"महिन्यात आला तर नशीब समज. मी तर म्हणते, विसरूनच जा."

फोन नवव्या दिवशी यायचा आणि गिऱ्हाईक लॉटरी लागल्यासारखं नाचत घरी जायचं. उन्हाळ्यात बर्फाच्या जागी रस्तादुरुस्ती यायची, एवढाच फरक. एवढ्या वर्षांत तिच्यावर कुणी चिडलं नाही, कारण तिने कुणाच्या आशेला पाणीच घातलं नाही.

मग यंदाच्या फेब्रुवारीत टेक्सासहून नवा विभागीय मॅनेजर आला. ब्रॅडन ट्रस्क त्याचं नाव. तीसेक वर्षांचा, दात पांढरे शुभ्र, आणि उणे पंचवीस तापमानात पायात कापडी बूट. त्याने लव्हॉनच्या शेजारी स्टूल टाकलं आणि दिवसभर तिचं बोलणं ऐकलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"मिसेस टॉलेफ्सन, तुम्ही गिऱ्हाइकांना घाबरवताय."

"मी त्यांना तयार करतेय."

"ठाम तारीख द्यायची. हसून द्यायची. आणि ‘नक्की’ म्हणायचं. कंपनीचा नियमच आहे तो."

नेमका त्याच वेळी व्हर्लिन स्कोग आत आला. व्हर्लिन चौऱ्याहत्तरचा, लग्न न केलेला, गावापासून बावीस मैलांवर बीट पिकवणारा. त्याचा चेहरा म्हणजे बंद गॅरेज. गॅरेजमध्ये गाडी आहे की नाही, ते बाहेरून कधीच कळायचं नाही. त्याने टोपी काढली, गळ बघितले, रंगाचे डबे बघितले, आणि अर्ध्या तासाने काउंटरपाशी येऊन त्याला ‘तोंड दिसतं तसला’ फोन हवा असल्याचं कबूल केलं.

पुढचं लव्हॉनने गळ टाकून टाकून बाहेर काढलं. बर्नाडीन ओपडाल गेली चार वर्षं हिवाळ्यात ॲरिझोनाला बहिणीकडे जाते. नवरा वारल्यावर चर्चच्या जेवणात ती आणि व्हर्लिन शेजारी शेजारी बसायला लागले होते, आणि दर रविवारी व्हर्लिन घरच्या साध्या फोनवरून तिच्याशी बोलायचा. आता बर्नाडीन म्हणत होती की इथलं घर विकून तिकडेच कायमचं राहावं. विक्रीच्या कागदांवर सही पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनला.

"आणि तू काय म्हणालास?" लव्हॉनने विचारलं.

"म्हटलं, तिकडे ऊन चांगलं असतं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, फोनवर तू म्हणजे नुसत्या रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या. सही करायच्या आधी एकदा तुझं तोंड बघायचंय." व्हर्लिनने टोपी हातात फिरवली. "पण घाई नाही हं. येईल तेव्हा येऊ दे."

आता ‘घाई नाही’ म्हणजे काय, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नेहमीसारखं खिडकीकडे बघून लव्हॉन म्हणणार होती, "हा बर्फ..." पण शेजारून ब्रॅडनने घसा साफ केला, सगळे दात दाखवले आणि तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच लव्हॉन हसली आणि म्हणाली, "शुक्रवारी सकाळी. नक्की."

व्हर्लिन बघतच राहिला. दुसऱ्या कुणी ‘नक्की’ म्हटलं असतं तर त्याने मान हलवून सोडून दिलं असतं. पण लव्हॉन टॉलेफ्सन म्हणाली होती. घरी गेल्या गेल्या त्याने, रविवार नसताना, बर्नाडीनला फोन केला आणि शुक्रवारी तोंड दाखवतो म्हणून कळवलं.

त्या आठवड्यात लव्हॉनने नियमाप्रमाणे अकरा जणांना नक्की तारखा दिल्या, आणि अकराच्या अकरा तारखा बुडाल्या. कंपनीकडे मालच नव्हता. जो होता तो भलतीकडेच फिरत होता. व्हर्लिनचा फोन संगणकावर आधी कॅन्ससला दिसला, मग ओहायोला, मग पुन्हा कॅन्ससला. व्हर्लिन उभ्या जन्मात जेवढं फिरला नव्हता तेवढं त्याचा फोन खोक्यात बसून फिरला.

आमच्या लोकांना राग येत नाही असं नाही. येतो, पण तो तोंडावाटे बाहेर पडत नाही, ओव्हनमध्ये जातो. बुधवारी सकाळी पहिला ट्रे आला, शेंगदाण्याच्या गोड वड्यांचा. "जास्त झाल्या होत्या, म्हटलं तुला द्याव्यात." ही सौम्य नाराजी. दुपारी लिंबाच्या वड्या आल्या. त्यावर लव्हॉन खुर्चीत सावरून बसली. संध्याकाळी चर्चची खजिनदार आर्डिस क्विस्ट तीन थरांचा चॉकलेट केक घेऊन आली, वर गुलाबाची फुलं काढलेली. "काही विशेष नाही गं, सहजच." लव्हॉनने तो दोन्ही हातांनी घेतला आणि काउंटरच्या अगदी टोकाला ठेवला. आर्डिसने याआधी असा केक फक्त एकदा केला होता, मोठ्या जावेसाठी, आणि त्यानंतर त्या दोघी नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या.

गुरुवारी ब्रॅडन पाहणीला आला तेव्हा काउंटरवर ट्रे ठेवायला जागा उरली नव्हती. त्याचे डोळे पाणावले.

"मिसेस टॉलेफ्सन! बघा! याला म्हणतात समाधानी गिऱ्हाईक!"

"हे लोक माझ्या जिवावर उठलेत," लव्हॉन म्हणाली.

"काय तुमचा विनय!" म्हणून त्याने केकसकट तिचा फोटो काढला आणि सगळ्या विभागाला पाठवून दिला. मग गुलाबाचं फूल असलेला तुकडा कापून उभ्या उभ्या खाल्ला. तो गेल्यावर लव्हॉनने कंपनीला फोन लावला. एक तास दहा मिनिटं वाजंत्री ऐकली, आणि शेवटी एक मुलगी बोलली तेव्हा तिला आयुष्यातली सगळ्यात जहाल शिवी दिली. म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे हं." मुलीने आभार मानले आणि फोन ठेवून दिला.

तिचा स्वतःचा तोंड दिसणारा, चांगला चालता फोन पर्समध्ये होता. तो व्हर्लिनला द्यावा हे तिच्या मनात दोनदा आलं. पण तसं म्हणायचं म्हणजे, ‘तुझं काय अडलंय ते मला माहीत आहे’ असं तोंडावर सांगायचं, आणि एवढी सलगी आमच्याकडे नवराबायकोतही करत नाहीत. शिवाय शुक्रवार अजून उजाडायचा होता.

तो उजाडला. सकाळची मालाची गाडी आली, तिच्यातून बर्फ फेकायची दोन फावडी उतरली. दुपारची आली, तिच्यात काहीच नव्हतं. अडीच वाजता व्हर्लिन आला. केस कापलेले, चर्चचा टाय लावलेला, आणि हातात वर्तमानपत्राने झाकलेला ट्रे.

‘हाही!’ लव्हॉनच्या मनात आलं. व्हर्लिनच्या घरातला ओव्हन त्याची आई वारल्यापासून पेटला नव्हता. हा माणूस स्वतः भाजून आणतो म्हणजे किती चिडला असेल. तिने कागद उचलला. वड्यांच्या कडा जळलेल्या, मध्ये कच्च्या.

"फोन आणून दिलास म्हणून," व्हर्लिन म्हणाला. "आभाराच्या आहेत. मी कधी केल्या नव्हत्या."

लव्हॉनला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"व्हर्लिन, फोन आला नाही."

"असं?" गॅरेजचं दार हललंसुद्धा नाही. "मग राहू दे. घाई नाही."

"घाई आहे!" लव्हॉन ओरडली. पलीकडे स्क्रू निवडणाऱ्या माणसाच्या हातातून डबीच सांडली. "घाई आहे, व्हर्लिन स्कोग! अर्ध्या तासात ती सही करणार आहे. बस इथे!" तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला, बर्नाडीनचा नंबर लावला आणि त्याच्या हातात कोंबला. व्हर्लिनने तो सवयीने कानाला लावला.

"मला कान दिसतोय," पलीकडून बर्नाडीन म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "धुतलेला दिसतोय."

लव्हॉनने फोन त्याच्या तोंडासमोर आणला आणि स्वतःच धरून उभी राहिली. पडद्यावर बर्नाडीन, बिनबाह्यांच्या झग्यात, मागे ऊन.

"किती आहे तिकडे?" व्हर्लिनने विचारलं.

"सव्वीस. तिकडे?"

"उणे एकोणतीस. पण वारा नाही."

"वारा नसला की बरं."

"हो, वाऱ्यानेच त्रास होतो."

अशी दहा मिनिटं गेली. लव्हॉनचा हात अवघडला. शेवटी बर्नाडीनने चष्मा काढला.

"व्हर्लिन, सही घ्यायला माणूस येतोय. तुला काय वाटतं, ठेवू का घर?"

"माझ्यासाठी नको हं. तुझं तू बघ."

"खरंच?"

"हो हो. उगाच तुला कशाला त्रास."

आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा विचारायची असते. पहिलं ‘नको’ शिष्टाचाराचं. दुसरं ‘नको’ समोरचा मनापासून विचारतोय की नाही हे बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं काय ते बोलतो. पहिल्यांदाच कॉफीला ‘हो’ म्हणणारा एकतर परगावचा असतो, नाहीतर आजारी.

लव्हॉन तिसऱ्याची वाट बघत होती. व्हर्लिनही बघत होता, श्वास रोखून. पण बर्नाडीनने तिकडे चार हिवाळे काढले होते, आणि तिकडची माणसं एकदा विचारतात आणि मिळालेलं उत्तर घेऊन चालू लागतात. तिच्या मागे दारावरची घंटा वाजली.

"बरं तर मग," बर्नाडीन म्हणाली. "आला वाटतं तो." आणि चष्मा लावून उठायला लागली.

व्हर्लिन टायशी चाळा करत बसून राहिला. त्याला मारून टाकलं असतं तरी तो आपणहून बोलला नसता. तशी रीतच नाही.

"बर्नाडीन!" लव्हॉनने फोन आपल्याकडे वळवला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "दोनदाच झालं!"

"काय?"

"दोनदाच विचारलंस तू त्याला! दोनदा!"

पलीकडे बर्नाडीनने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! खरंच की. इथे राहून राहून सवयच मोडली बघ." घंटा पुन्हा वाजली. "थांबा हो जरा!" ती मागे वळून ओरडली आणि खाली बसली. "फिरव फोन, लव्हॉन. दाखव त्याला."

लव्हॉनने फोन फिरवला आणि आता दोन्ही हातांनी धरला.

"व्हर्लिन, घर ठेवू का?"

व्हर्लिनने टोपीकडे बघितलं, रंगाच्या डब्यांकडे बघितलं, आणि मग सरळ फोनकडे.

"ठेव," तो म्हणाला. "काही त्रास नसेल तर."

आणि त्याचा चेहरा हलला. हनुवटी थरथरली, डोळे भरले, आणि ते लपवायला त्याला कुठेच जागा नव्हती, कारण लव्हॉन फोन खाली घ्यायला तयार नव्हती.

बर्नाडीनने पडद्याजवळ तोंड आणलं.

"दिसलं रे," ती म्हणाली. "दिसलं मला."