न मारणाऱ्या बाईची बालवाडी

आमच्या गावात मुलांना हात न लावता बालवाडी चालवणारी पहिली बाई मी. हात न लावता ती साडेतीन दिवस चालली.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि गावच्या दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. सोसायटीचे चेअरमन माझे सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. दूधच नसलेल्या सोसायटीच्या चेअरमननं दिवसभर करायचं काय? त्यांनी ती खोली बालवाडीला दिली आणि बाई म्हणून घरातली सून दिली. मी मॅट्रिक नापास होते. पण नापास व्हायला तरी मॅट्रिकपर्यंत जावं लागतं, हे आबांचं म्हणणं पंचांना पटलं.

मग मला पंधरा दिवसांच्या शिबिराला उस्मानाबादला धाडलं. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या, फार मऊ बोलायच्या. "मूल वाईट नसतं, त्याचं वागणं अडचणीचं असतं. मारायचं नाही. त्याच्यासमोर खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, बाळा, तुला राग आलाय का?" आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशीचा धडा असा, की ऐकू न येणारं, पायानं अधू, कुठल्याही घरचं मूल असो, सगळ्यांना एकत्र बसवायचं. तोही उतरवून घेतला आणि जेवायला उठलो. बौद्ध वस्त्यांमधून आलेल्या बाया भिंतीच्या त्या बाजूला बसल्या, आम्ही या बाजूला. पाण्याचे माठ दोन. (आमच्या माठातलं पाणी गार होतं, एवढंच मला तेव्हा जाणवलं.)

घरी आले ती निराळीच होऊन. कालवणात मीठ कमी म्हणून नवरा ताट सारून उठला, तर मी त्याच्यापुढं उकिडवी बसले. डोळ्यांत बघितलं.

"तुम्हाला राग आलाय का?"

तो घाबरून परत जेवायला बसला. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "हिला शिबिराला धाडली व्हती का दवाखान्यात?"

खरी अडचण होती माझी मुलगी मंगल. वय चार वर्षं. ती चावायची. राग आला तरी चावायची, आनंद झाला तरी चावायची. पहिल्या दिवशी तिनं तीन पोरांना चावून घेतलं. मी दर वेळी समोर बसून विचारलं, "बाळा, तुला राग आलाय का?" तिनं दर वेळी "न्हाय" म्हणून सांगितलं आणि पुढच्या पोराकडं गेली.

त्यातच निरोप आला, की पुण्याच्या बाई चौथ्या दिवशी बालवाडी बघायला येणार. एकत्र बसवायचं म्हणजे तसं एखादं मूल तर पाहिजे. ते शोधत मी दुष्काळाच्या खडी फोडायच्या कामावर गेले. तिथं बौद्ध वस्तीतली शेवंताबाई होती. तिची पाच वर्षांची सुनंदा, जन्मापासून कानानं बहिरी.

"तिला ऐकू येत न्हाय, बाई. ती काय शिकल?" शेवंताबाई हातोडी खाली न ठेवता म्हणाली.

"ऐकू येणारी तरी कुठं माझं ऐकत्यात? तू धाड."

"मारताल का?"

"न्हाय. मारायची बंदी हाय."

सुनंदा आली. मी तिला दाराजवळ वेगळं पोतं टाकून दिलं. तिथं उजेड चांगला येतो, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे आबांना चालायचं नाही, असा माझा अंदाज होता.

चौथा दिवस उजाडला. छाप पडावी म्हणून मी आबांनाही शिकवून ठेवलं होतं. "मामा, मंगल चावली तर वरडू नका. तिच्यापुढं खाली बसा आन् राग आलाय का म्हणून इचारा." आबांनी घरी दोन वेळा बसून बघितलं. गुडघे वाजले, पण जमलं.

बाई आल्या. आबा नवा फेटा बांधून हजर. मी छाती काढून सांगत होते, "आमच्या बालवाडीत आमी मुलांना कधीच..." तेवढ्यात बाईंनी कौतुकानं मंगलच्या गालाला हात लावला आणि मंगलनं तो हात दातांत धरला.

शिबीर वहीत राहिलं. माझा हात गेला. मंगलला त्या हाताचा सराव होता, ती खाली वाकली. आणि शिकवल्याप्रमाणे आबा त्याच क्षणी तिच्यापुढं उकिडवे बसत होते.

चापट सासऱ्यांच्या कानाखाली बसली. फेटा गडगडत दारापर्यंत गेला.

खोलीत एकही पोरगं हललं नाही. बाई स्वतःचा हात धरून उभ्या, मी माझा. आता माहेरची एसटी किती वाजता, एवढंच माझ्या डोक्यात. ती शांतता जिला ऐकू आली नाही ती एकटी सुनंदा. ती हसली, फेटा उचलून आणला आणि दोन्ही हातांनी आबांच्या डोक्यावर ठेवला. उलटा. मग त्यांच्यासमोर बसून त्यांचा लाल झालेला गाल चोळू लागली.

आबांनी दाराजवळच्या पोत्याकडं बघितलं. मग मला म्हणाले, "ही पोरगी एकलीच दारात का बसलीय?"

"मामा, मला वाटलं तुमाला चालायचं न्हाय."

"म्या कवा सांगितलं तसं?"

त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. कुणाला सांगावं लागू नये म्हणून मीच आधी करून ठेवलं होतं. सुनंदाचं पोतं आबांनी स्वतः उचलून मधे टाकलं आणि मंगलला तिच्या शेजारी बसवलं. मंगल तिलाही चावली. सुनंदा उलट चावली. त्या दिवसापासून मंगलचं चावणं बंद झालं. हा उपाय शिबिरात शिकवलेला नव्हता.

बाईंनी भेटीच्या वहीत लिहिलं, "मुले उत्तम. सेविकेस पुन्हा प्रशिक्षण द्यावे."

म्हणून मी दुसऱ्यांदा उस्मानाबादला गेले. तिथं बाईंनी नाव न घेता सांगितलं, की एका गावात एका सेविकेनं भर वर्गात सासऱ्यांना थोबाडीत दिली. सगळ्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"कुठली हो ती बाई?" सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच विचारलं.