स्वभावाने शांत

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. बंदुकीच्या परवान्यांवर मी इतकी वर्षं बोललो, लिहिलं. पण तसल्या एका अर्जाला माझ्या सहीचा दाखला जोडलेला होता, हे कुणाला कळू दिलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायचो. व्याख्यानमालांतून माझं म्हणणं असे, की बंदुकीवर सरसकट बंदी हा काही उपाय नाही. कोकणात रानडुकरांपासून शेत राखणाऱ्याला ती लागतेच. मात्र बंगलेवाल्याला परवाना सहज मिळतो, गरिबाच्या चपला झिजतात. सरकारने माणूस पाहून परवाना द्यावा, ऐपत पाहून नाही. या वाक्याला टाळ्या पडत.

चाळीत समोरच्या खोलीतला माझा मित्र गिरणी बंद पडल्यापासून घरीच होता. मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन हवा होता, पण स्वतःची बंदूक असलेला. मित्राच्या वडिलांची बंदूक ते वारल्यावर गावच्या पोलीस ठाण्यात जमा होती. ती नावावर करायला कुणा प्रतिष्ठित माणसाच्या सहीचा वर्तणुकीचा दाखला लागणार होता.

“मास्तर, भाषणात रोज बंदूक उडवतोस,” तो म्हणाला, “एकदा माझ्या पोटासाठी उडव ना यार.”

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेलेला पाहून त्याची बायको आली. “भावजी, सही करू नकात. ते हल्ली गप ऱ्हवतत. जेवणाचा ताट पुढ्यात असला तरी भिंतीकडे बघत बसतत.”

“काम लागलं की होईल ठीक, वहिनी.”

दाखल्यात मी लिहिलं, ‘स्वभावाने शांत.’ ती ज्याला गप म्हणाली, त्याला मी शांत म्हटलं.

बंदूक आली, नोकरीही लागली. तीन महिन्यांनी, भर दुपारी, ड्युटीवरच त्याने ती स्वतःवर चालवली.

तेराव्याला त्याची मोठी बहीण सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाली, “एका खोलीत राहून तुला दिसलं नाही गं? कसली बायको तू?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळी मांडत होतो, मांडत राहिलो.

व्याख्यानं मी पुढेही दिली. परवान्याआधी अर्जदाराच्या घरच्यांशी बोललंच पाहिजे, हा मुद्दा त्यांत नवा घातला. लोकांना तो फार पटला. कुठून सुचला, हे कुणी विचारलं नाही.

वहिनी आता बोरिवलीला मुलीकडे असते. नणंद अजून तिचा उंबरा चढलेली नाही. ‘हिने मला आधीच सांगितलं होतं, आणि तरी मी सही केली,’ हे त्या नणंदेला वहिनीसमोर सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.