त्या सकाळचा झाडू

अमरावतीच्या राजापेठेत गोदाबाईचं मिरची कांडप आहे. लोक वाळलेली मिरची पिशवीत घालून येतात, भिंतीजवळच्या बाकावर नंबर लावून बसतात आणि बसल्या बसल्या अख्ख्या दुनियेचं माप काढतात. गोदाबाईला ते आवडायचं. कोणाची सून रुसून गेली, कोणाचा जावई पितो, हे तिला यंत्राच्या धडधडाटातही बरोबर ऐकू यायचं आणि पदरचं थोडं तिखट घालूनच ती ते पुढं पाठवायची. नवरा लवकर गेला. या कांडपावरच तिनं एकुलत्या एका पोराला, ओमप्रकाशला, वाढवलं, एसी दुरुस्तीचं काम शिकवलं, अकोल्याची प्रणाली सून करून आणली. तिच्या जिभेला गल्ली टरकून असे आणि बाईला त्याचा मोठा अभिमान होता.

मग ओमप्रकाश परदेशी नोकरीला निघाला आणि त्याचं विमान समुद्रावर असतानाच नाहीसं झालं. पडलं म्हणावं तर तुकडा सापडेना, उतरलं म्हणावं तर कुठल्याच विमानतळावर पत्ता नाही. शोध सुरू आहे, एवढं सांगून अधिकारी मोकळे झाले. उरलेला शोध लोकांनी हाती घेतला.

देवळाबाहेर काढलेली स्वतःची चप्पल ज्यांना सापडत नाही, ते विमान कोणत्या बेटावर उभं आहे ते सांगू लागले. कोणी ते पळवलं म्हणे, कोणी कुठल्याशा देशानं उडवलं म्हणे. बाकावरचे चंद्रभान तर रिटायर झाल्यापासून अशा कामाची वाटच पाहत होते. एकदा मिरची यंत्रात असताना त्यांनी हळूच विषय काढला.

"आतलाच कोणी मिळालेला असन, गोदाबाई. त्याशिवाय एवढं मोठं विमान दिसेनासं होत नाई. तुमच्या ओमप्रकाशले वायरिंगचं चांगलं समजे ना?"

गोदाबाईनं खटका दाबून यंत्र बंद केलं. "चंद्रभानभाऊ, तुमाले घरचा फ्यूज बदलता येत नाई, त्यासाठी माह्या पोराले बोलावत होते तुमी. उचला तुमची मिरची."

"अवं, अर्धीच कांडली हाये."

"तुमच्या अकलेले तेवढी पुरते."

चंद्रभान अर्धवट मिरची घेऊन दुसऱ्या कांडपावर गेले आणि तिथं जाऊन वायरिंगचं सांगितलंच. अशा माणसांची जीभ कोणत्याही बाकावर चालते.

बाहेर असं रान उठवणाऱ्या गोदाबाईनं घरात मात्र आपला एक निकाल लावून ठेवला होता. त्यासाठी तिला बेट लागत नव्हतं की रडार. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत मागं झाडू लावत नाहीत. लगेच झाडतात ते तिरडी उठल्यावर. ओमप्रकाश पहाटे नागपूरच्या बसला निघाला आणि आरतीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, हातून चिवड्याचा डबा सांडला. मुंग्या येतील, पोरीच्या पायाखाली चुरा होईल, म्हणून प्रणालीनं झाडू घेतला. "थांबाचं होतं थोडं," एवढंच तेव्हा गोदाबाई बोलली होती.

विमान गेल्यावर ते एवढंसं वाक्य घरभर पसरलं. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, देवापुढं दिवा लावताना ते यायचं. "माणूस स्टँडवर पोचला नसन, अन हे बाई घर झाडून मोकळी." प्रणाली आधी रडली. मग रडायची थांबली. एक दिवस पोळी लाटता लाटता तिनं मान वर केली.

"त्या विमानात एवढे लोक होते आई. सगळ्याईच्या घरी मीच झाडलं काय?"

उत्तर नसलं की गोदाबाई जास्त चिडायची. तिनं सुनेशी बोलणंच टाकलं. "तुह्या मायले सांग, वरण उतू चाललं," असं ती आरतीला सांगायची आणि माय दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

शेजारच्या पार्बताबाईचा भाचा नितेश मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. गोदाबाईनं त्याला आधी दारातूनच हाकललं होतं. पण सून उलटून बोलली त्याच दिवशी तो पुन्हा आला, आणि यावेळी आवाज लोण्यासारखा करून आला. "काकू, लोकं ओमदादावर आळ घेऊन राहिले. तुमी गप बसल्या तं खरंच वाटन त्याईले."

पोराच्या नावाला डाग लागतोय म्हटल्यावर गोदाबाईचा ताबा सुटला. "माह्या पोरानं काई नाई केलं," ती मोबाईलसमोर म्हणाली. "सुनेनं त्याच्या मागं झाडू लावला. तवाच माह्यं घर बसलं."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अमरावती सोडून अचलपूर, पातूर, अकोला करून आला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'विमान काहून गायब झालं? सासूनं सांगितलं खरं कारण.' लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर कामाला लागले. एकानं विचारलं, एवढी घाई कशाची होती बाईला? दुसऱ्यानं ठरवलं, तिला नवरा नकोच होता. तिसऱ्यानं तिच्यासाठी अकोल्यात एक माणूसही शोधून काढला, त्याला मोटारसायकलसुद्धा दिली. शाळेत एका पोरीनं आरतीला विचारलं, "तुह्या मायनं विमान झाडलं काय?"

पार्बताबाईनं हे सगळं गोदाबाईला चवीनं वाचून दाखवलं. गोदाबाई ऐकत राहिली. लिहिणारे अनोळखी होते, पण बोलणं तिच्याच बाकावरचं होतं. ती तडक नितेशकडे गेली आणि व्हिडिओ काढ म्हणाली.

"आता ते माह्या हातात नाई राह्यलं काकू," नितेश म्हणाला. "अन बोलल्या तं तुमीच."

दुसऱ्या दिवशी प्रणालीनं बॅग भरली. आरतीला चप्पल घालत ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "पोरीचं नाव अकोल्याच्या शाळेत टाकीन." ओमप्रकाशमागं गोदाबाईला हीच एक पोरगी उरली होती. जाऊ नको म्हणावं, पाय धरावेत, असं तिला आतून वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "पोचल्यावर फोन कर."

"काहून? लगेच झाडाचं हाये काय?" प्रणाली म्हणाली आणि पोरीचा हात धरून पायऱ्या उतरली.

फोन आला नाही. गोदाबाईनंही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

पुढं आरतीचा शाळेचा दाखला न्यायला प्रणाली आली, तेव्हा दारातच तिच्या पायाखाली काहीतरी करकरलं. फरशीवर मिरचीची लाल धूळ बसली होती, खिडकीतून आलेला लिंबाचा पाला कोपऱ्यात साचला होता, भिंतीशी आरतीनं टोक केलेल्या पेन्सिलीची सालं तशीच पडून होती. बाजेवर गोदाबाई बसली होती. मागून पार्बताबाई तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मी झाडून देतो म्हटलं तं अंगावर धावून येते. पाह्य आता तूच."

प्रणालीचा हात सवयीनं झाडूकडे गेला.

"ठेव तो," गोदाबाई म्हणाली.

"किती घाण झाली आई."

"होऊ दे. तुमी पोचल्याचा फोन नाई आला मले."

गोदाबाईनं मान खाली घातली. "मी ते बोलाचं नव्हतं प्रणाली."

"पण बोलल्या," प्रणाली म्हणाली. झाडू तिनं जागेवर ठेवला, पाणीही न पिता शाळेत गेली आणि तिथूनच बस धरली.

दिवेलागणीला फोन वाजला. गोदाबाईला तो कानाला लावेपर्यंतही धीर नव्हता.

"पोचलो," पलीकडून प्रणाली म्हणाली आणि फोन कट झाला.

गोदाबाई उठली. दिवे लागल्यावर झाडत नाहीत, तरी तिनं झाडू घेतला. धूळ काढली, पाला काढला, पेन्सिलीची सालं वेचून डबीत ठेवली. दाराजवळ ओमप्रकाश चपला काढायचा, तेवढी जागा तिनं सोडली. त्याचा फोन अजून यायचा होता.